एका खऱ्या कुटुंबासोबत एक दुपार

४ फेब्रुवारी, मंगळवार

दादा,

फोन न करता मेल लिहितेय त्याला कारण आहे. मी फोनवर बोलायला लागले की अण्णा टीव्हीचा आवाज बारीक करतात आणि पेपर उलटा धरून ऐकत बसतात. आणि आज जे घडलं ते त्यांच्याचबद्दल आहे. घाईत लिहितेय, तेव्हा चुका पोटात घाल.

आमच्या कंपनीनं या हंगामापासून नवा कार्यक्रम सुरू केलाय, हे तुला मागे सांगितलं होतं. सकाळी संग्रहालय, मग विणकरांची गल्ली, मग राजवाडा, आणि शेवटी ‘एका खऱ्या कुटुंबासोबत एक दुपार’. परदेशी पाहुण्यांना हेच जास्त आवडतं म्हणे. चार हजार वर्षांची संस्कृती दाखवा, माणसं पाय दुखतात म्हणून बाकं शोधतात. आणि कुणाचं स्वयंपाकघर दाखवा, लगेच कॅमेरे बाहेर. गुरुवारी हा कार्यक्रम आमच्यातला दुसरा दुभाष्या, टकलू, करतो. मंगळवार आजपासून माझा.

आता ते खरं कुटुंब काही खरं नाही, हे मला माहीत होतं. खऱ्या घरात आठवड्यातून दोनदा वीस माणसं कोण घेईल? मॅनेजरीणबाईंनी जुन्या पेठेत तळमजल्याची जागा भाड्यानं घेतलीय आणि पगारी माणसं बसवलीत. आजी, आजोबा, मुलगा, सून, नात. मी म्हटलं, असू दे, आपलं काम दुभाष्याचं.

छत्री उंच धरून मी पाहुण्यांना आत नेलं. बूट काढायला लावले, माणसं मोजली. वर बघितलं, तर खिडकीजवळच्या खुर्चीत आजोबा म्हणून अण्णा बसलेले.

आपले अण्णा! रोज जेवण झाल्यावर ‘बागेत पत्त्यांचा डाव आहे’ म्हणून जातात ते अण्णा. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले.  त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एक भुवई वर केली (शिलाईच्या दुकानात गिऱ्हाइकासमोर आपण काही बोललो की करायचे तशी), आणि पाहुण्यांकडे वळून बोलायलाच लागले. ‘या, बसा. मी शिंपी. पन्नास वर्षं मी या शहराला कपडे घातले.’

आमच्या धंद्यात ‘ते म्हणतात’ असं म्हणायचं नसतं. समोरचा ‘मी’ म्हणाला की दुभाष्यानंही ‘मी’च म्हणायचं. तेव्हा तुझी बहीण वीस परक्या माणसांसमोर उभी राहून सांगत होती, मी शिंपी. ही माझी बायको.

दादा, ती बाई दिसायला आईसारखी अजिबात नाही. उंच आहे, नाक केवढं तरी. पण तिनं वाढायला घेतलं, आणि एका पोरसवदा पाहुण्यानं ‘पुरे’ म्हणून हात आडवा केला, तेव्हा ती म्हणाली, ‘पोटाला विचारा, जिभेला काय विचारता?’ आईच्याच चालीत. शेवटचा शब्द तसाच लांबवत. आणि ते मला भाषांतर करून सांगावं लागलं.

मी घरी आले तेव्हा अण्णा माझ्या आधी पोचून वाटाणे सोलत बसले होते. मीही शेजारी बसून वाटाणे सोलले. तू सांग, मी काय करू?

चिमी


५ फेब्रुवारी

चिमे,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि पुन्हा वाचलं. पहिल्यांदा वाटलं तू थट्टा करतेयस. मग वाटलं अण्णांच्या डोक्यावर परिणाम झालाय. नंतर सरळ रागच आला. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस परदेशी लोकांपुढे खेळण्यातल्या माकडासारखा बसतो? पैशासाठी का? मी पाठवतो त्यात भागत नसेल तर तसं सांगायला काय झालं होतं! माझ्या इथल्या ओळखीतल्या लोकांनी तोच दौरा घेतला तर? फोटो काढून आणले तर? ‘तुझ्या देशातले हे गोड आजोबा बघ’ म्हणून मलाच दाखवतील.

तू तिथे आहेस, तूच थांबवायला हवंस. त्यांना समोर बसव आणि स्पष्ट विचार. मॅनेजरीणबाईंशी बोल. एवढं तर तुला जमेल.

आणि एक. तो मुलगा कोण आहे? म्हणजे मी? बरा आहे का दिसायला? अण्णा त्याच्याबद्दल काय सांगतात, ते तू लिहिलंच नाहीस.

दादा


११ फेब्रुवारी, मंगळवार

दादा,

‘तू तिथे आहेस’ हे वाक्य तू गेली नऊ वर्षं लिहितोयस. उंटावरून शेळ्या हाकायला तुला कुणी शिकवावं लागत नाही. असो. आज पुन्हा माझी पाळी होती आणि मी आज डोळे उघडे ठेवून गेले.

तुझी उत्सुकता आधी भागवते. तो बदली दादा सकाळी बुटांच्या दुकानात विक्रेता असतो. दिसायला तुझ्यापेक्षा चांगला, राग मानू नकोस. पेपर वाचताना बोटं मोडतो. ही तुझी सवय त्याला कुणी शिकवली असेल ते वेगळं सांगायला नको. अण्णा त्याच्या पाठीवर हात ठेवून पाहुण्यांना सांगतात, ‘हा माझा मुलगा. याला बाहेर जायची फार चांगली संधी आली होती. नाही गेला. म्हणाला, इथंच बरं आहे.’ मग सगळे पाहुणे ‘आ’ करतात, बायका डोळे पुसतात.

पैशासाठी नाही. मॅनेजरीणबाईंना मी आडून विचारलं. दिवाळं निघाल्यासारखं तोंड करून त्या म्हणाल्या, ‘अहो, ते आजोबा पगाराचं पाकीट घेतच नाहीत, माझा हिशेब बसत नाही.’ गेल्या वर्षी त्या जागेचे पडदे आणि खुर्च्यांच्या गाद्या शिवायला त्यांनी अण्णांना बोलावलं होतं. गादी नीट बसतेय का बघायला अण्णा त्या खुर्चीत टेकले. बाईंनी त्यांना तसं बघितलं आणि म्हणाल्या, आजोबा, उठूच नका. म्हणजे नाटक त्यांनी शोधलं नाही, नाटकानं त्यांना शोधलं.

आता जे मागच्या वेळी लिहिलं नव्हतं ते लिहिते. लिहायला लाज वाटली म्हणून नव्हतं लिहिलं.

पाहुणे विचारतातच, मुलं किती? अण्णा म्हणतात, ‘एकच मुलगा.’

मी शेजारी उभी. हातात छत्री, गळ्यात कंपनीची पट्टी. आणि मी गोड आवाजात भाषांतर करते, ‘मला एकच मुलगा आहे.’ मागच्या मंगळवारी वाटलं, गडबडीत म्हणाले असतील. आज पुन्हा तेच. शब्दही बदलला नाही. आईच्या आजारपणात मी नोकरी सोडली. अण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन, दुकान बंद करायची वेळ, रोजचा स्वयंपाक, रोजचं सगळं. आणि त्यांनी हौसेनं स्वतःसाठी एक घर बांधलं, तर त्यात मेलेली बायको आहे, गेलेला मुलगा आहे, कधी न झालेली सून आहे, नात आहे. मी नाही. मी दाराशी उभी राहून त्यांची माणसं परक्यांना समजावून सांगते.

मला रडू आलं नाही. तोंडात मारल्यासारखं झालं. पाहुण्यांना बसमध्ये बसवलं तेव्हा मोजणीत एक कमी भरत होता. मी दोनदा मोजलं. एक म्हातारे गृहस्थ अण्णांचा हात हातात घेऊन आतच बसले होते. त्यांनी मला सांगितलं, ‘तुमच्या देशात कुटुंब किती घट्ट असतं. तुम्हाला कल्पना नाही तुम्ही किती भाग्यवान आहात.’

चिमी


१२ फेब्रुवारी

चिमे,

 एकच मुलगा, हे वाचून मला धक्काच बसला. तुझ्यासाठी वाईट वाटलं, खरंच. पण असंही वाटतं, की तू फार मनाला लावून घेऊ नयेस. म्हातारी माणसं मुलगा-मुलगा करतातच. मी लांब आहे, मग त्यांना माझी आठवण जास्त येणार. दुरून डोंगर साजरे. तू रोज समोर असतेस, तुझी काय आठवण काढणार?

खरं सांगू? ‘नाही गेला, इथंच बरं आहे’ हे वाचून मला जरा बरंही वाटलं. म्हणजे राग नाही त्यांच्या मनात. मला वाटायचं, आहे.

त्यांच्याशी बोल. बोलून टाक एकदा.

दादा


१६ फेब्रुवारी, रविवार

दादा,

बोलले.

सकाळी ते गच्चीवर शर्टाला बटणं लावत बसले होते. तो शर्ट त्या बदली दादाचा निघाला! दुकानात काम करताना त्याच्या बाहीचं बटण तुटलं म्हणून अण्णांनी घरी आणला. माझा तोल गेला. म्हटलं, ‘अण्णा, त्याची बटणं लावता, त्याच्या पाठीवर हात ठेवता. आणि मी कोण? मुलं किती विचारलं तर एक म्हणता. दोन म्हणायला काय जीभ झडते?’

ते सुई तशीच धरून माझ्याकडे बघत राहिले. इतके दचकले, की मलाच भीती वाटली. त्यांच्या मनात हे कधी आलंच नव्हतं, दादा. चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

‘अगं वेडे,’ म्हणाले, ‘जी माणसं घरात नाहीत तीच बाहेरून आणावी लागतात ना? तू आहेस की. तुझ्या जागी कुणाला कशाला बसवू?’

‘मग नुसतं सांगायचं तरी.’

‘सांगितलं तर बाई उद्या तुझ्या नावानं कुणीतरी पोर आणून उभी करतील. ती माझ्यासमोर ‘अण्णा, अण्णा’ करत फिरेल. मला नाही चालणार ते. तू शेजारी उभी असताना मी कुणा दुसरीला मुलगी म्हणू?’ आणि मग सुईत दोरा ओवायला माझ्याकडे दिला. त्यांना आता सुईचं नेढं दिसत नाही.

मी दोरा ओवून दिला. इतकी सुखावले, की काय सांगू. दुपारी ताटं वाढेपर्यंत मी सुखातच होते.

मग तुझं पत्र आठवलं. राग नाही त्यांच्या मनात, असं तू लिहिलंयस. नसेल रे राग. पण त्यांनी कोणाला बाहेरून आणलंय, ते एकदा नीट बघ. आईला आणलं, कारण आई नाही. नातीला आणलं, कारण नात झालीच नाही. आणि तुला आणलं. त्या घरात आईच्या शेजारची खुर्ची तुझी आहे, दादा. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. मला स्वतःला हे कळलं तेव्हा हातातला डाव भांड्यात पडला. तुला न सांगता राहवलं नाही.

मी कार्यक्रम थांबवणार नाही. तुझ्यात हिंमत असेल तर तू थांबव.

चिमी


२ मार्च

दादा,

दोन आठवडे झाले. फोनही उचलत नाहीस. अण्णा विचारतात, त्याचं काय चाललंय. मी सांगते, कामात असेल. फार लागलं असेल तर तसं लिही. भांडायचं तर भांड, आपलेच दात आपलेच ओठ. पण गप्प बसू नकोस.

चिमी


१४ मार्च, शुक्रवार

चिमे,

हे विमानतळावरून लिहितोय. तुला हे वाचून जे वाटेल ते सगळं मला मान्य आहे, आधीच सांगतो.

मी आलो होतो. काल तुझ्या शहरात होतो. म्हणजे आपल्या.

तुझं ते पत्र वाचल्यापासून मला नीट झोप नाही. खुर्चीत आईशेजारी मी. शेवटी ठरवलं, जायचं, त्या दारातून आत शिरायचं, सगळ्यांसमोर ‘अण्णा’ म्हणायचं आणि त्या बूटविक्याला उठवून त्याच्या जागी बसायचं. त्यासाठी तुमच्याच कंपनीचा दौरा घेतला, तिकडच्या पासपोर्टवर, तिकडच्या माणसांसोबत. गुरुवार मुद्दाम घेतला, तू मला ओळखू नयेस म्हणून. हसू नकोस. सकाळी संग्रहालयात टकलूनं मला आपल्याच देशाचा इतिहास शिकवला. बरा शिकवतो. काही गोष्टी मला माहीतच नव्हत्या.

मग ते घर. बूट काढले. चिमे, ते पडदे आईच्या खोलीतल्या पडद्यांच्याच कापडाचे आहेत, हे तू लिहिलं नव्हतंस. दारातच बदली दादानं माझा कोट घेतला, खुंटीवर लावला, हसून मान लववली. आणि आत वळून सहज हाक मारली, ‘अण्णा, पाहुणे आले.’ मी नऊ वर्षं फोनवर हाक मारतो. तशी नाही जमत मला.

अण्णा वाळलेत. मला वाटलं होतं त्याहून किती तरी. तू का सांगितलं नाहीस?

तुला माहीतच आहे, जेवणाआधी ते प्रत्येक पाहुण्यासमोर जाऊन विचारतात, कुठून आलात? पाहुणा गावाचं नाव सांगतो, ते म्हणतात, ‘लांबून आलात, आता पोटभर जेवा.’ ते एकेक करत माझ्यापर्यंत आले. उभे राहिले. मी तोंड उघडलं. ‘अण्णा’ हा शब्द तोंडात अगदी तयार होता.

‘कुठून आलात?’ ते म्हणाले.

मी तिकडच्या भाषेत तिकडच्या शहराचं नाव सांगितलं. टकलूनं त्यांना ते भाषांतर करून सांगितलं.

का, ते विचारू नकोस. मलाच अजून कळत नाही. सगळे बघत होते, शेजारी माझ्या गटातलं एक जोडपं होतं, त्यांच्याशी मी चार दिवस परदेशी म्हणून बोलत होतो, आणि जीभ तिकडेच वळली. एकदा वळल्यावर परत कशी फिरवायची? अण्णा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘लांबून आलात. आता पोटभर जेवा.’ तेही टकलूनं मला भाषांतर करून सांगितलं. मी मान हलवली.

जेवलो. ती उंच बाई वाढत होती. ‘पोटाला विचारा’ म्हणाली तेव्हा मी ताटात बघत राहिलो.

निघताना अण्णांनी स्वतः खुंटीवरून माझा कोट काढला, माझ्या अंगावर चढवला, दोन्ही खांद्यांवरून हात फिरवला. टकलूला म्हणाले, ‘यांना सांगा, कोट खांद्यात सैल झालाय. बारीक झालेत. घरचं कुणी बघत नाही का म्हणावं.’ टकलूनं मला सांगितलं, ‘आजोबांना तुमचा कोट आवडला.’

मी आभार मानले आणि बसमध्ये जाऊन बसलो.

हॉटेलपासून आपलं घर चालत जाण्यासारखं आहे. कोपऱ्यापर्यंत आलो होतो. गच्चीवर तुझे कपडे वाळत होते. परत फिरलो.

एवढंच सांग. ऑपरेशननंतर त्यांना नीट दिसत नाही, हो ना? सुईत दोराही ओवता येत नाही, तूच लिहिलंयस. मग त्यांनी मला ओळखलं नसणार. शिंपी माणूस, कुणाच्याही कोटाचं तसं बोलेल. तू त्यांना काही सांगू नकोस. मी नीट येईन, कळवून येईन.

दादा


१८ मार्च, मंगळवार

दादा,

शुक्रवारी तुझं पत्र वाचलं. कोपऱ्यापर्यंत! तू कोपऱ्यापर्यंत आलास आणि माझे वाळत घातलेले कपडे बघून परत गेलास! चार दिवस तुला काय काय लिहायचं ठरवत होते. शिव्या निवडून ठेवल्या होत्या. त्या आता राहू देत.

अण्णांना मी काही सांगितलं नाही. गुरुवारी ते घरी आले, नेहमीसारखे जेवले, बागेत डाव बरा झाला म्हणाले. शुक्रवारी, शनिवारी, काही नाही. मलाही वाटायला लागलं, की नसेल ओळखलं.

आज माझी पाळी होती. मी पाहुण्यांना घेऊन आत गेले, तर बदली दादा माझ्याकडे आला, चेहरा पडलेला. म्हणाला, ‘ताई, माझं काही चुकलं का? आजोबांनी आल्या आल्या सांगितलं, आजपासून तू मुलगा नाहीस, पुतण्या आहेस.’ मॅनेजरीणबाई दारातून मला खुणा करत होत्या, की हे काय चाललंय. 

अण्णा खुर्चीत बसले. बायकोची ओळख करून दिली, पुतण्याची दिली. एका बाईनं विचारलं, मुलं किती?

‘दोन,’ अण्णा म्हणाले. हात लांब करून माझी बाही धरली आणि म्हणाले, ‘ही एक.’ मला ते भाषांतर करावंच लागलं नाही. सगळ्यांना कळलं. पुढे काय येणार ते मला दिसायला लागलं होतं.

‘दुसरा मुलगा. तो परदेशात असतो.’ मी सांगितलं, माझा मुलगा परदेशात असतो.

‘परवा गुरुवारी येऊन गेला.’ मी सांगितलं, परवा गुरुवारी येऊन गेला. 

मग पाहुण्यांकडे नाही, खुंट्यांकडे बघत म्हणाले, ‘ओळख दिली नाही त्यानं. पण पोटभर जेवला.’

वीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत थांबलेली. मला ते म्हणता येईना, दादा. ‘मी’ म्हणून तर येईचना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी नियम मोडला. पाहुण्यांना म्हटलं, आजोबा म्हणतात, जेवण गार होतंय.

चिमी